एआय शिकवण्याआधी पिंपातलं पाणी मोजू या



ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं, की २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं एआय, शिकवायला सुरुवात होणार. तेव्हापासून पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आपल्या शाळेत एआय कधी सुरू होणार?" पारनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आता एआयच्या आणि कोडिंगच्या क्लासेसच्या पाट्याही लागतील. लागोत बापड्या. पण तुम्ही फी भरण्याआधी आणि आम्ही शिक्षकांनी त्यावरची पीपीटी बनवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. आरोग्य आणि पर्यावरण या दोन क्षेत्रांत एआय नेमकं काय करतं, आणि त्याला त्यासाठी काय लागतं? मी हीच दोन क्षेत्रं घेतली, कारण आपल्या तालुक्यातल्या घराघरात प्रश्न याच दोन गोष्टींचे आहेत. पाणी पुरेल का, आणि पोराचा ताप साधा आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकते. एआयला जे लागतं ते चांगल्या संगणकाच्याही आधी लागतं, आणि ते गावात, शाळेत, आपल्या हातात तयार होतं. ते म्हणजे खरी नोंद. ती करायला आपण मुलांना शिकवत नाही. आणि मोठी माणसं म्हणून आपण स्वतःही ती नीट करत नाही.

आधी 'मॉडेल' हा शब्द घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची कामापुरती केलेली सोपी मांडणी. पारनेर तालुक्याचा नकाशा हे मॉडेल आहे. त्यात चढ-उतार जाणवत नाहीत, धूळ नाही, पण सुप्याहून टाकळी ढोकेश्वरला कसं जायचं ते कळतं. गणिती मॉडेलमध्ये रेषांच्या जागी आकडे आणि त्यांच्यातले संबंध असतात. मशीन लर्निंग नावाचा एआयचा जो प्रकार आहे, त्यात हे संबंध माणूस आधी लिहून देत नाही. मागच्या बऱ्याच वर्षांचे आकडे यंत्राला देतात आणि यंत्र त्यातून संबंध शोधून काढतं.

हे आपणही करतोच की. कांदा लागवड सुरू झाली की कोणत्या वर्गाची हजेरी किती घटणार, हे मला आता पटावर न बघता सांगता येतं. आई लागवडीला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी राहते. कुणी मला याचं सूत्र दिलं नव्हतं. दहा वर्षांची हजेरी डोक्यात साठली आणि त्यातून अंदाज जमला. यंत्र हेच करतं, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर आणि न थकता. आणि माझ्या डोक्यात जर चुकीची हजेरी साठली असती, तर माझाही अंदाज चुकलाच असता.

आता आपल्या जवळचं उदाहरण. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथल्या सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या डेंग्यूवर केलेला अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी पुण्याचं तापमान, पाऊस, हवेतला दमटपणा आणि डेंग्यूने झालेले मृत्यू यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. निघालं ते असं: पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, दमटपणा ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान, आणि पाऊस मध्यम पण सलग पडत राहिला, की डेंग्यू वाढतो. आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर धो धो पाऊस झाला तर मात्र तो कमी होतो, कारण डासांची अंडी-अळ्या वाहून जातात. यावरून त्यांनी मशीन लर्निंगचं एक मॉडेल तयार केलं. ते दोन महिन्यांहून जास्त आधी धोक्याची सूचना देऊ शकतं.

दोन महिने! आपल्याकडे डेंग्यूची फवारणी कधी होते? एखादं लेकरू नगरच्या दवाखान्यात भरती झालं, प्लेटलेट कमी झाल्याची बातमी गावात पसरली, की दुसऱ्या दिवशी धुराचं मशीन गल्लीत येतं. त्या हिशेबाने दोन महिने आधी कळणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. अशा संशोधनाचं मला मनापासून कौतुक आहे. एआयच्या विरोधात हा लेख नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

पण हेच मॉडेल उचलून पारनेरला लावलं तर चालेल का?

पुणे ते पारनेर अंतर फार नाही. पण आपण पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस चार-पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पुण्यात आठवड्याला दीडशे मिलिमीटर पडून अळ्या वाहून जाणं हा नेहमीचा भाग असेल, आपल्याकडे तेवढा पाऊस एका आठवड्यात पडला तर लोक पेढे वाटतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. शहरात हे पाणी कुंड्यांत, टायरांत, गच्चीवर साठतं, म्हणजे पावसाचं. आपल्याकडे ते पिंपात, रांजणात, सिमेंटच्या हौदात साठतं, आणि ते आपण स्वतः भरून ठेवतो. का? कारण टँकर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणजे पाऊस जेवढा कमी, तेवढी पिंपं जास्त. पुण्याच्या मॉडेलमध्ये पावसाचा आणि डासांचा जो संबंध आहे, तो आपल्या काही गावांत उलटाही असू शकतो. असं असेलच, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. ते ठरवायला इथले आकडे लागतील. पुण्याच्या शास्त्रज्ञांचंही हेच म्हणणं आहे, की प्रत्येक भागाचा हवामानाशी असलेला संबंध वेगळा, म्हणून अभ्यासही त्या त्या भागाचाच हवा.

आता 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' ही सूचना बघा. ती आपण परिपाठात सांगतो, भिंतीवर रंगवतो. तिच्यामागे साधं गणित आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. सात दिवसांनी भांडं रिकामं केलं की साखळी तुटते. पण ज्या बाईने दीड तास रांगेत उभं राहून पिंप भरलंय, तिला तुम्ही ते ओतून द्या म्हणून सांगणार? ती तुमच्या तोंडाकडे बघेल आणि बरोबरच करेल. तिला सांगायचं ते वेगळं: पिंपाला जुन्या साडीचं दुहेरी फडकं घट्ट बांधा, आणि पिंप संपेल तेव्हा आतून घासा. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन् महिने टिकतात, नुसतं विसळून जात नाहीत. हा फरक मॉडेलला कळायचा असेल तर कुणीतरी त्याला सांगावं लागेल, की इथे पिंपं आहेत आणि ती किती आहेत.

अशीच एक राहून गेलेली गोष्ट मुंबईच्या प्लेगच्या मॉडेलमध्ये होती. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे आणि जगभरच्या विद्यापीठांत शिकवली जाते, पण आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे कित्येक वर्षं दर हंगामात येत राहिला. सावित्रीबाई गेल्या त्या याच साथीत, पुण्यात रुग्णांची सेवा करताना, १० मार्च १८९७ रोजी. मुंबईत प्लेगच्या मृत्यूंची दर आठवड्याला मोजणी होत असे. पुढे १९२७ मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरातल्या विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी साथ कशी वाढते आणि का ओसरते याचं एक गणिती मॉडेल मांडलं. मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले डॉक्टर. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, आणि १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेलेली. डोळ्यांनी दिसत नसताना त्यांनी हे गणित केलं. (मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, वर्ग एकदम शांत होतो.) त्यांनी लोकांचे तीन गट केले: अजून रोग न झालेले, सध्या आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगाने माणसं जातात, एवढंच सूत्र. ते पडताळायला त्यांनी कोणते आकडे घेतले? मुंबई बेटावरचे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले, आठवड्यावार प्लेगमृत्यूंचे. सर्वांत वाईट आठवड्यात सुमारे ९०० मृत्यू. सूत्रातून आलेला डोंगरासारखा आलेख आणि खरे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळले.

कोरोनाच्या काळात टीव्हीवर 'आलेख सपाट करायचा' असं जे रोज ऐकत होतो, त्यामागच्या गणिताचं मूळ इथे आहे. म्हणजे मुंबईत १९०६ साली कुणा कारकुनाने दर आठवड्याला मृत्यूंचा आकडा नीट लिहिला, त्याच्या नोंदीवर एवढं मोठं शास्त्र पडताळून पाहिलं गेलं. त्या कारकुनाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही.

आता राहून गेलेली गोष्ट. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे. आणि त्या मॉडेलमध्ये उंदीर नाहीतच! फक्त माणसं आहेत. त्या दोघांना हे माहीत होतं. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, असं त्यांनी स्वतःच नमूद केलं होतं. तरीही आकडे जुळले. नंतरच्या गणितज्ञांनी दाखवून दिलं, की आलेख जुळला म्हणून त्यामागचं कारण बरोबर ठरत नाही. उंदीर आणि ऋतू हिशेबात घेतले की चित्र वेगळं दिसतं.

एआयच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते. त्या सूत्रात निदान दिसत तरी होतं, की यात तीनच गट आहेत, उंदीर नाहीत. आजच्या मोठ्या एआय मॉडेलच्या आत डोकावून 'यात काय राहिलं?' हे विचारणं फार अवघड. ते उत्तर देतं, आणि ठासून देतं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशातल्या नामवंत शास्त्रज्ञांच्या मॉडेलने सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत फार मोठी तफावत पडली; मे महिन्याच्या सुरुवातीला दिवसाला चार लाखांच्या वर रुग्ण नोंदले गेले. विषाणूने रूप बदललं होतं, मागचे आकडे पुढच्या लाटेला लागू पडले नाहीत. यात कुणाची टिंगल करायची नाही. पण 'कॉम्प्युटरने सांगितलं' म्हणजे संपलं, असं आपल्या मुलांनी मानू नये.

आता दूरचं सोडू आणि घराजवळ येऊ. आपल्या तालुक्यातलं राळेगणसिद्धी पाणलोटाच्या कामासाठी सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजारही माहीत आहे. पण हिवरे बाजार म्हटलं की लोक चर, बंधारे, झाडं, पोपटराव पवार एवढंच बोलतात. माझ्या मते त्या गावाने केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गावात किती पाऊस पडला, निरीक्षण विहिरींची पातळी किती, त्यावरून गावाला किती पाणी मिळालं, याचा हिशेब मांडतात. मग ग्रामसभेत खर्च ठरतो. माणसं आणि जनावरांना प्यायला किती, वापरायला किती, उरलं त्यात रब्बीला कोणती पिकं बसतात. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी पिणारं पीक नाही. ऊस-केळीला आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी तर आहेच.

हे गणिती मॉडेल आहे की नाही? शंभर टक्के आहे. आणि त्याचं गणित पाचवीच्या मुलाला येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर दहा हजार लिटर. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. समजा ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावाच्या शिवारात आभाळातून सुमारे ३९० कोटी लिटर पाणी आलं. आकडा ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. मग विचारायचं, एवढं पाणी गेलं कुठे? काही वाफ झालं, काही वाहून गेलं, काही पिकांनी प्यालं, काही मुरलं. यातलं मुरलेलं किती हे ठरवायला विहिरीत दोरी सोडून बघावं लागतं. तिथे अंदाज चालत नाही.

लोक त्या हिशेबावर विश्वास का ठेवतात, याचा मी खूप विचार केलाय. स्वतःच्या शेतात पीक न घेण्याचा निर्णय शेतकरी उगाच मानत नाही. मला वाटतं, आकडा गावातच मोजलेला असतो, सगळ्यांसमोर मांडलेला असतो आणि कुणालाही जाऊन विहीर बघता येते, म्हणून. उद्या हाच निर्णय एखाद्या ॲपने मोबाइलवर पाठवला असता, 'या वर्षी गहू करू नका', तर किती जणांनी ऐकलं असतं? अटल भूजल योजनेतही गावांनी असे पाण्याचे ताळेबंद करावेत असं ठरलं. चांगलंच आहे. पण ताळेबंद करायची सवय आणि ताळेबंदाचा फॉर्म भरायची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही सांगायला नको.

इथे शिक्षक मित्रांनो, जरा आपल्याकडे वळते. रागावू नका.

आपण आकडे तयार करणारी माणसं आहोत. हजेरी, पोषण आहार, उंची-वजन, जंतनाशक गोळ्या, यू-डायस, सर्वेक्षणं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आपल्यापैकी कितीतरी जण ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार फिरले. आरोग्याच्या कुठल्याही एआय मॉडेलचा पहिला आकडा असा कुणाच्या तरी हातून लिहिला जातो. आणि तो कसा लिहिला जातो, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. एका प्रशिक्षणात मी एक उंची-वजनाची वही पाहिली. त्यात चार मुलांची उंची मागच्या वर्षीपेक्षा कमी झाली होती! सगळे हसले. मलाही आधी हसू आलं. मग वाटलं, यातली एक मुलगी खरोखरच खुंटलेली असेल तर? तिची उंची वर्षभर वाढलीच नसेल, तिला दवाखान्यात न्यायला हवं असेल, तर ते या वहीतून कुणाला कळणार? खोट्या आकड्यांच्या गर्दीत तिचा खरा आकडासुद्धा खोटाच दिसणार.

असं का होतं? आळस हे कारण असतं, पण ते एकटं नाही. एका शाळेवर दोन शिक्षक, चार वर्ग, आणि 'आज संध्याकाळी पाचपर्यंत माहिती भरा' असा ग्रुपवर मेसेज. वजनकाटा बिघडलेला. माहिती नाही भरली तर बैठकीत सगळ्यांसमोर उभं करणार. आणि खरी भरली, कुपोषित मुलं जास्त दिसली, तरीही विचारणा आपल्यालाच. मग माणूस मधला, कुणाला न टोचणारा आकडा भरतो. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी माणसं घरात घुसून झडत्या घेत, माणसं उचलून नेत, म्हणून लोक घरातला रुग्ण लपवून ठेवत. भीती दाखवली की आकडा लपतो. तेव्हा लोकांच्या घरात लपत होता, आता आपल्या नोंदवहीत लपतो. वरिष्ठांनी हे वाचलं तर बरंच होईल: शाळेने वाईट आकडा खरा कळवला, तर त्या शिक्षकाला आधी शाबासकी द्या. कोट्यवधींच्या एआय प्रकल्पांना याचा उपयोग होईल, आणि याला खर्च शून्य.

मग वर्गात काय करायचं? मी करते ते दोन-तीन प्रयोग सांगते, जमेल ते घ्या.

साथीचा खेळ. माझ्या तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात ३२ मुलं. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात. एकाच्या हातात लाल कार्ड, म्हणजे तो आजारी. प्रत्येक फेरीत लाल कार्डवाल्याने आपली सोडून दोन चिठ्ठ्या काढायच्या, पुन्हा डब्यात टाकायच्या. ज्यांचं नाव निघेल ते पुढच्या फेरीत आजारी, आणि आधीचा बरा होऊन पांढरं कार्ड घेणार. त्याचं नाव पुन्हा निघालं तरी त्याला आता काही होत नाही. फळ्यावर दर फेरीचा आकडा मांडायचा. आमच्याकडे आले ते असे: १, २, ४, ६, ६, ४, २ आणि मग शून्य. खडूने स्तंभ काढले तर डोंगर तयार. तोच मुंबईचा डोंगर! सात मुलं शेवटपर्यंत आजारी पडलीच नाहीत. नियम बदलला नाही, प्रत्येक जण दोनच चिठ्ठ्या काढत होता, तरी साथ ओसरली कशी? मुलांनीच शोधलं: "मॅडम, आता ज्यांना होऊन गेलंय त्यांचीच नावं निघतायत." मग दुसऱ्यांदा खेळताना अर्ध्या मुलांना आधीच 'लस' दिली. साथ चौघांपर्यंत जाऊन थांबली. लसीकरणाच्या दिवशी शेजारच्या घरी जाऊन समजावून सांगणारी पोरं मला या खेळातून मिळाली.

पण सगळ्यांत भारी प्रश्न चौथीतल्या एका मुलीने विचारला. ती म्हणाली, "पण मी तर रोज माझ्या बाकावरच्या मैत्रिणीजवळच असते. चिठ्ठीत कुणाचंही नाव येतं. खरं असं कुठे असतं?" मोठ्या शास्त्रज्ञांच्या मॉडेलवर घेतला जाणारा हाच आक्षेप आहे, की सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं त्यात धरलेलं असतं. हा प्रश्न विचारता येणं, याला मी एआयचं शिक्षण म्हणते. त्यासाठी टॅब लागला नाही.

दुसरा प्रयोग हजेरीचा. पावसाळ्यात गैरहजर मुलाच्या नावापुढे माझ्या वेगळ्या वहीत कारण लिहिते. ताप असेल तर 'ता'. शनिवारी मुलं आठवड्यातले 'ता' मोजतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात तेवढे चौकोन रंगवतात. तक्त्यावर फक्त आकडा, कुणाचंही नाव नाही. आकडा एकदम वाढला तर आशाताईंना फोन. एडिस डास दिवसा चावतो, आणि दिवसा मुलं कुठे असतात? आपल्याकडेच. म्हणून शाळेतला हा आकडा गावातल्या तापाची पहिली चाहूल देऊ शकतो. असे आकडे शंभर शाळांनी चार पावसाळे ठेवले, त्याच्यासोबत पाऊस आणि उघडी पिंपं मोजली, तर उद्या पुण्यातल्या कुणा संशोधकाला पारनेरसाठी मॉडेल करायला निदान सुरुवात करता येईल. आज ती करता येणार नाही.

पालकहो, इथे तुम्ही सावध राहायला हवं. मुलांच्या आजाराची माहिती नावासकट कुठल्याही ॲपला, क्लासला, कंपनीच्या फॉर्मला देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संमती देण्याआधी विचारा: ही माहिती कुणाकडे जाणार, किती दिवस राहणार? शाळेने मागितली तरी विचारा. आम्हाला राग येता कामा नये.

आणि एआयच्या क्लासला घालायचंच असेल तर जरूर घाला, पण तिथल्या सरांना एक विचारा. मुलाला तयार आकडे देता, की स्वतः मोजून आणायला लावता? नुसतं बटण दाबून चित्र काढायला शिकवत असतील, तर ते तुमचं पोरगं मोबाइलवर आधीच शिकलंय.

तिसरा प्रयोग म्हणजे पर्जन्यमापक, तो या पावसाळ्यात कुठल्याही शाळेला जमेल. सरळ भिंतीची, वर-खाली सारख्याच रुंदीची पारदर्शक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, म्हणजे नरसाळं होईल आणि वाफही कमी होईल. तळ सपाट नसेल तर आधी थोडी वाळू-सिमेंट ओतून सपाट करा, शून्याची खूण त्याच्या वर. बाहेरून पट्टी चिकटवा. झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा, माकडं येत असतील तर विटांच्या मध्ये. मग छताचं गणित द्या: आमच्या वर्गखोलीचं छप्पर २० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे १२० चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे बाराशे लिटर पाणी पागोळ्यांतून गेलं. दोनशे लिटरची किती पिंपं? सहा. ती सहा पिंपं भरायला बाहेर रांग लागते, हे मुलं आपणहून बोलतात.

नोंद रोज सकाळी साडेआठची घ्या, हवामान खातंही त्याच वेळची घेतं. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. रिकामी जागा म्हणजे मोजलंच नाही. मोजायची विसरली तर तसंच लिहायचं, 'मोजले नाही', शेजारच्या गावाचा आकडा बघून भरायचा नाही. रविवारी शाळा बंद असते, तेव्हा त्या दिवशी बाटली कोण बघणार, हे शनिवारी दुपारी सुटण्याआधी मुलांनाच ठरवू द्या.